चौथ्या बीटवर काय करायचं?

मंडळी, साल्सा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोमधलं काहीतरी येतं, चमचमते कपडे, मुलीला डोक्यावर उचलून गरागरा फिरवणं वगैरे. ते जरा बाजूला ठेवूया. मी ज्याच्या प्रेमात पडले तो सोशल डान्स, म्हणजे समोर प्रेक्षक नाहीत, गाणं कुठलं लागेल माहीत नाही, पार्टनर कदाचित आत्ताच भेटलाय, काहीच बसवलेलं नाही आणि तरी ते एक गाणं संपेपर्यंत दोघं मिळून नाचतात. मी अजून बिगिनरच आहे आणि बिगिनर म्हणूनच बोलणार आहे, कारण या नाचातली सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्याच क्लासला शिकवतात आणि मग सगळे पुढच्या स्टेपच्या मागे लागतात.

साल्साचा काउंट आठाचा. १, २, ३ ला पाऊल टाकायचं, ४ ला नाही. ५, ६, ७ ला पाऊल, ८ ला नाही. बस, हा बेसिक. ऐकायला सोपं आहे पण क्लासमध्ये नवीन बॅच बघा, चौथ्या बीटवर सगळे गडबडतात, पाय आपोआप पुढे जातो, कारण बीट वाजतोय आणि आपण काहीच करत नाही हे शरीराला सहनच होत नाही. आपल्याकडे ज्यांनी तबला किंवा गाणं शिकलंय त्यांना हे लगेच कळेल. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, टाळी वाजत नाही, हात नुसता उघडतो, पण ती मात्रा मोजलेली असते, तिच्यामुळेच तर आपण आवर्तनात कुठे आहोत ते कळतं. मला साल्सातला चौथा बीट तसा सापडला. आणि गंमत म्हणजे तिथे पाऊल नसलं तरी शांतता अजिबात नाही! कोंगा नावाचा जो उंच ढोल असतो ना, तो बरोबर तिथेच मोकळे, घुमणारे दोन ठोके देतो, डुम-डुम, चौथ्यावर एक आणि त्याच्या अर्ध्यावर दुसरा. आठव्याला परत तेच. म्हणजे तुमचा पाय थांबतो तेव्हा ढोल बोलतो. हे पहिल्यांदा कानाला ऐकू आलं त्या दिवशी मी डोक्यात आकडे मोजायचं सोडलं. तोपर्यंत साल्सा मला आवडत होता, प्रेम तिथून सुरू झालं.

आता जरा टाळी वाजवूया, लाजू नका. आठ बीट मी मोजते. टाळी १ ला, मग २ आणि ३ च्या मधोमध, मग ४ ला, नंतर ६ आणि ७ ला. तीन टाळ्या, मग दोन. ...परत एकदा. दुसरी टाळी घाई करतीये, ती बीटवर नाही, मधल्या फटीत आहे. ...हां, आता जमतंय! याला क्लावे म्हणतात. लाकडाच्या दोन जाड काड्या एकमेकींवर आपटून वाजवतात, आणि पियानो, बास, ट्रम्पेट, गाणारा सगळे याच्या आधाराने चालतात. कित्येकदा त्या काड्या गाण्यात वाजतही नसतात, तरी तो ताल सगळ्यांच्या मनात चालूच असतो.

हे आलं क्युबातून. क्युबाच्या पूर्व भागात सोन नावाचं संगीत तयार झालं, त्यात स्पॅनिश वळणाचं तंतुवाद्य आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांचे ताल एकत्र आले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हवानात पोचलं. १९४० च्या सुमारास आर्सेनियो रोद्रिगेस नावाच्या माणसाने, जो लहानपणापासून अंध होता, त्यात कोंगा आणला, पियानो आणला, ट्रम्पेट वाढवले, आणि आज आपण ज्याच्यावर नाचतो त्याचा सांगाडा उभा राहिला. मग न्यूयॉर्क. ब्रॉडवेवर पॅलेडियम नावाचा बॉलरूम होता, तिथे माचितो, तितो पुएन्ते, तितो रोद्रिगेस यांचे बँड मॅम्बो, म्हणजे याच क्युबन तालांवरचं नाचाचं संगीत वाजवायचे, आणि अमेरिकेत वर्णभेद जोरात असतानाच्या त्या काळात कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन म्हणजे कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरून आलेले, ज्यू, इटालियन सगळे एकाच फ्लोअरवर नाचायचे. एवढं एक जरी कोणी मला आधी सांगितलं असतं तरी मी साल्साकडे वळले असते. पुढे क्युबातली क्रांती, मग अमेरिकेची बंदी, हवानाचा रस्ता तुटला, पण न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्त्यांमधल्या पोरांनी ते संगीत सोडलं नाही. १९६४ मध्ये फानिया रेकॉर्ड्स कंपनी निघाली आणि साल्सा हे नाव तिथून जगभर गेलं. नाव एका सॉसचं, पण ती गोष्ट आज नको.

तर बिगिनरकडे परत येऊ. लीड म्हणजे पुढची चाल सुचवणारा, आणि फॉलो म्हणजे त्याला साथ देणारी. आपल्याकडे लोकांना वाटतं की लीड हुकूम देतो आणि फॉलो ऐकते. मला हे मान्यच नाही, आणि चांगला शिक्षक कोणीच असं शिकवत नाही. क्रॉस बॉडी लीड घ्या, बेसिकनंतर बहुतेक हेच शिकवतात. लीड २, ३ ला डावीकडे वळून बाजूला होतो, समोरची वाट मोकळी करतो. बस. ५, ६, ७ ला फॉलो त्या वाटेने स्वतःच्या पायाने चालत जाते. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, हात फक्त निरोप पोचवतो आणि निरोप निघतो छातीतून, वजन कुठल्या पायावर आहे तिथून. आणि ती गेली नाही, तिला गाण्यातलं दुसरंच काही ऐकू आलं, तर लीडने थांबायचं. मी दोन्ही बाजूंनी शिकतेय, बऱ्याच बायका लीड करतात, आणि लीड करताना कळतं की अर्धं काम समोरच्याचं ऐकणं आहे.

आता तो प्रश्न जो इथे कोणीतरी विचारणारच आहे. अनोळखी माणसाचा हात धरायचा? मराठी मध्यमवर्गीय घरात आपण नवऱ्याचाही हात चारचौघांत धरत नाही! खरं सांगू का, पार्टनर रोटेशनने हा प्रश्न फार लवकर सुटतो. क्लासमध्ये दर दोन-तीन मिनिटांनी 'पार्टनर चेंज' होतं, समोर कॉलेजचा मुलगा येतो, मग रिटायर झालेले काका, मग आयटीतली मुलगी, प्रत्येकाच्या हाताची पकड वेगळी, आणि तुमचं लक्ष फक्त एवढ्यावर असतं की वजन कुठे आहे, ४ आला का. क्युबामध्ये तर हा खेळच केलाय, रुएडा दे कासिनो, जोड्या गोल करून नाचतात, एकजण ओरडतो 'दामे!' आणि सगळे एकदम पुढच्या पार्टनरकडे. अर्थात नको म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, तोही कारण न सांगता, आणि कोणी घट्ट धरत असेल, दुखत असेल तर गाण्याच्या मध्येच हात सोडायचा. हे पहिल्या दिवशी सांगणारा क्लास निवडा. बाकी त्याची फी, त्याचे व्हिडिओ नंतर बघा.

ज्यांना साल्सा फास्ट वाटतो त्यांनी बाचाता हा नाच करून बघा, कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिक देशातला. तीन पावलं एका बाजूला, चौथ्याला नुसता टॅप. तिथल्या उच्चभ्रू लोकांनी वर्षानुवर्षं त्याला हलकं, दारूच्या गुत्त्यातलं संगीत म्हणून नाक मुरडलं, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. तमाशा-लावणीबद्दल आपण काय काय बोलत आलोय ते आठवलं की मला डोमिनिकन लोक फार जवळचे वाटतात.

मघाशी एका काकूंनी विचारलं की जोडीदार येत नाही तर एकटीने गेलं तर चालेल का. चालेल म्हणजे काय, जाच! रोटेशन असतंच. जाताना रबरी सोलचे स्पोर्ट्स शूज नको, टर्न घेताना तळवा जमिनीला चिकटतो आणि पीळ गुडघ्यावर येतो, त्यापेक्षा गुळगुळीत तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट. एक टॉवेल, एक जादा टॉप. आणि त्याआधी आठवडाभर घरी नुसती गाणी ऐका, स्वयंपाक करताना, भांडी लावताना, पाय हलवायची घाई नको, फक्त ते डुम-डुम कुठे येतंय ते शोधा. सापडलं की क्लासला या, मी मागच्या रांगेत असेन.