काटा थांबला पाहिजे
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: लालबागमधलं गॅरेज. पांढरी मर्सिडीज, ग्लोव्ह बॉक्स उतरवलेला.]

ही १९९६ सालची ई-२२०. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्यात ज्या गाड्या जोडायला घेतल्या, त्याच मॉडेलची. एसी चालू आहे, ब्लोअर फुल. बाजूच्या जाळ्यांतून गार हवा येतेय, मधली जाळी मात्र बंद. उरलेला सगळा झोत समोरच्या काचेवर.

मुंबईत या तक्रारीवर पहिला सल्ला ठरलेला असतो, गॅस भरून घ्या. या गाडीतही गेल्या उन्हाळ्यात दुसरीकडे गॅस भरला गेला. पैसे गेले, मधली जाळी बंद ती बंदच. गॅस हवा गार करतो. ती कुठून बाहेर यायची, हे डॅशबोर्डच्या पोटातले फ्लॅप ठरवतात. आणि या गाडीत ते फ्लॅप व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, हलतात.

[दृश्य: बॉनेट उघडलेलं. मिस्त्रींचं बोट बारीक पाइपवरून सरकत जातं.]

पेट्रोल इंजिन चालू झालं की इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात, व्हॅक्यूम तयार होतो. तो या बारीक पाइपातून नॉन-रिटर्न (एकाच दिशेने वाट देणाऱ्या) व्हॉल्व्हमार्गे छोट्या टाकीत साठतो, तिथून व्हॉल्व्ह ब्लॉकला, म्हणजे कुठल्या डबीला व्हॅक्यूम द्यायचा ते ठरवणाऱ्या ठोकळ्याला, येतो आणि मग प्रत्येक फ्लॅपच्या डबीला. डबीत रबरी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, असतो. व्हॅक्यूम आला की रबर ओढलं जातं, दांडी सरकते, फ्लॅप फिरतो. शहाळ्याच्या स्ट्रॉला चीर गेली तर कितीही ओढा, तोंडात हवाच येते. फाटक्या डायफ्रामचं तसंच होतं.

सुरुवातीला हा त्रास फक्त खंडाळ्याच्या घाटात व्हायचा. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडतो आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कोसळतो. टाकी असते ती याच वेळेसाठी. पण गळती असली की टाकी रिकामी होते. सपाटीवर मात्र इंजिन सतत ओढत राहतं आणि छोटी गळती झाकून टाकतं. म्हणून तर ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

(डिझेलला असा थ्रॉटल नसतो, म्हणून त्याला व्हॅक्यूमचा वेगळा पंप लागतो. जुन्या डिझेल मर्सिडीजचं इंजिन बंदही व्हॅक्यूमवरच होतं. गळती वाढली की चावी काढली तरी इंजिन चालूच!)

[दृश्य: हातपंप आणि गेज. काटा जवळून.]

आता मिस्त्रींचे हात बघा. त्यांनी अजून डॅशबोर्डचा एकही स्क्रू काढलेला नाही.

आधी इंजिनाकडचा व्हॅक्यूम. टी-जोड लावून गेज बसवलं. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, काटा अठरा इंचांवर. मुंबई समुद्रसपाटीला आहे, इथे पूर्ण निर्वात म्हणजे पाऱ्याचे २९.९२ इंच. त्या हिशेबात आयडलिंगला अठरा ही तब्येत चांगली. म्हणजे दोष पुढे आहे.

इंजिन बंद. आता व्हॉल्व्ह ब्लॉकवरची एकेक नळी काढायची, तिला हातपंप लावायचा, पंधरा इंचांपर्यंत ओढायचं आणि थांबायचं. घाई करायची नाही.

पहिली नळी. काटा जागेवर. एक मिनिट झालं, तरी जागेवर.

दुसरी. तीही धरून आहे.

ही तिसरी, मधल्या जाळीची. पंप दाबला, काटा चढला, हात सैल केला आणि काटा खाली. पुन्हा ओढलं, पुन्हा खाली.

“मामा, डबी गेली ना?” हाताखालचा मुलगा विचारतो.

“थांब रे. नळी तपासल्याशिवाय डबीला नाव ठेवू नकोस.”

डबीकडच्या टोकाला हात पोहोचतो तिथे नळी सोडवून तोंड बुचाने बंद केलं, पुन्हा ओढलं. काटा थांबला. नळी ठीक, डायफ्राम फाटलेला. इथे साबणाचं पाणी कामाचं नाही, कारण हवा बाहेर येत नाही, आत शिरते. फुगे कुठून दिसणार? हातपंप आणि धीर, एवढंच हवं. ज्या गॅरेजात एसीचं काम चालतं, तिथे हा पंप असायलाच हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं. हे दहा मिनिटांचं काम न करता डॅशबोर्ड खोलणं म्हणजे मालकाच्या खिशातून अंदाज बांधणं.

[दृश्य: कुर्ला, सीएसटी रोड. सुट्या भागांचं दुकान, काउंटरवर डब्यांचा ढीग.]

जुनी डबी शोधायला कुर्ला. मिस्त्री हातपंप खिशात घालूनच आलेत. दुकानदार डबी पुढे करतो, मिस्त्री काउंटरवरच तिला पंप लावतात. ही सुटते. ही पण. रबर वरून काळंभोर, मऊ, बघून काहीच कळत नाही. या डबीवर काटा पंधराला थांबला. मिस्त्री दांडी सोडतात, पुन्हा ओढतात, मग दर विचारतात.

जुलैच्या दमट हवेत एसीचा गार झोत सतत काचेवर लागला की काच बाहेरून धुरकटते आणि समोरचं दिसत नाही. तेव्हा हा फक्त आरामाचा प्रश्न नाही.

[दृश्य: गॅरेज. डबी बसलेली. गेज पुन्हा जवळून.]

नवी जोडणी झाल्यावर सगळ्या नळ्या पुन्हा पंपावर. प्रत्येकीचा आकडा मुलगा वहीत लिहितो, मालकाच्या बिलामागेही तेच आकडे. पुढच्या मे महिन्यात, पावसाआधी, गाडी परत येईल तेव्हा याच नळ्या याच क्रमाने तपासायच्या आहेत.