दात पांढरे, हिरडीही पांढरी

श्रोतेहो, नमस्कार.

लगीनसराई जवळ आली की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, फोटोंच्या आधी दात पांढरे होतील ना?" गेल्या महिन्यात आलेल्या मुलीने काही विचारलंच नाही, नुसता ओठ वर करून दाखवला. वरच्या दातांलगतची हिरडी चुन्याचं बोट फिरवावं तशी पांढरीफटक! ऑनलाइन मागवलेलं जेल रात्रभर तोंडात ठेवलं होतं बाईसाहेबांनी.

ही हिरडी भाजली होती, रसायनाने. अशा बहुतेक जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फसफसून फेस यायचा, आठवतंय? तो फेस प्राणवायूचा. रक्तातलं आणि पेशींतलं कॅटालेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड फोडतं. हिरडीतही तेच घडतं. बुडबुडे आतच अडकतात, हिरडी पांढरी पडते आणि चुरचुरते. जखम वरवरची असेल तर काही तासांत, फार तर काही दिवसांत रंग परत येतो.

म्हणून हे औषधच वाईट, असं मी म्हणणार नाही. 10 टक्क्यांच्या कार्बामाइड पेरॉक्साइडमधून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, आणि त्यातलं इकडेतिकडे सांडलेलं लाळ बऱ्यापैकी निकामी करते. दवाखान्यातलं जेल मात्र 35-40 टक्क्यांपर्यंत तीव्र असतं. म्हणून आम्ही आधी हिरडीच्या कडेने रेझिनचा पातळ बांध घालतो, निळ्या प्रकाशाने तो कडक करतो आणि मगच जेलला हात लावतो. युरोपीय संघात 2012 पासून 0.1 टक्क्याहून जास्त पेरॉक्साइड असलेलं जेल थेट ग्राहकाला विकता येत नाही. 6 टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्यांमार्फतच मिळतं, तेही 18 वर्षांवरच्यांना.

खरी गडबड जेल भरून दातांवर बसवायच्या साच्यात असते. गरम पाण्यात मऊ करून चावायचा तयार साचा हिरडीवर चढतो आणि जेल तिथेच साठतं. तुमच्या दातांच्या मापावरून केलेला साचा हिरडीच्या कडेला कापलेला असतो. त्यात प्रत्येक दातापुरता जेलचा बारीकसा ठिपका पुरतो. बाहेर आलेलं लगेच पुसायचं, आणि झोंबलं तर साचा काढून चूळ भरायची. जेल महाग, म्हणून सहन करत बसू नका. (लिंबू आणि खायचा सोडा घासणाऱ्यांनो, तुमच्याशी मला वेगळं भांडायचंय.)

त्या मुलीबरोबर तिची आजी आली होती. "माझे पण करून टाका," म्हणाली. आजी चाळीस वर्षं मिश्री लावते. तिचा गाल ताणून पाहिला, तर आत पांढरा चट्टा. गॉजने पुसला, निघेना. आजी म्हणाली, "दुखत नाही काही." तेच तर फसवं असतं. दात उजळवायचा विषय मी तिथेच थांबवला, मिश्री बंद करायला सांगितली.

नातीची हिरडी तिसऱ्या दिवशी गुलाबी झाली. आजीचा चट्टा दोन आठवड्यांनीही तसाच होता. कर्करोग तर नाही ना, म्हणून त्याचा तुकडा तपासायला पाठवलाय.