अकरावीतच पदवीचा एक विषय: मुंबईत कुठून सुरुवात करायची?

(दादर येथे पालक आणि शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

दुहेरी क्रेडिट म्हणजे अकरावी-बारावीतल्या मुलाने पदवीचा एखादा विषय पुरा करायचा आणि तो बारावीलाही धरायचा, पुढे पदवीलाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये यासाठी कायदा केला आणि तिथली मुलं सरकारी खर्चाने कॉलेजचे विषय घेऊ लागली. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठाने तर त्याआधीच, सत्तरच्या दशकात, आपले विषय शाळांमध्ये नेऊन शिकवायला सुरुवात केली होती. म्हणजे एकीकडे मूल कॉलेजात गेलं, दुसरीकडे कॉलेज शाळेत आलं.

आपल्याला मुंबईत यातलं काहीच करायला नको. इथे किती जणांनी अकरावी ते पदवी एकाच कॉलेजात पाच वर्षं काढली? हात वर करा. बघा, जवळजवळ अर्धं सभागृह! गेट तेच, कँटीन तेच, जिनाही तोच. म्हणून एका मुलाची हकिकत सांगतो. ती मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे, आजही सांगणार.

मध्य मुंबईतलं एक कॉलेज. अकरावी कॉमर्सचा मुलगा, वडील बेस्टमध्ये कंडक्टर. त्याचं लेक्चर संपायचं तेव्हा वरच्या मजल्यावर एफवायचा, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचा, स्टॅटिस्टिक्सचा वर्ग सुरू व्हायचा. एके दिवशी तो मागच्या बाकावर जाऊन बसला. मॅडमनी ओळखलं, पण उठवलं नाही. पुढे तो रोजच यायला लागला. मॅडमनी फळ्यावर फ्रीक्वेन्सी टेबल मांडलं की हा बसच्या थांब्यांवर चढणाऱ्या प्रवाशांचे आकडे घेऊन तसंच टेबल घरी करून आणायचा. ते आकडे कुठून? वडिलांना विचारून. त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढून मॅडमना दाखवायचा. प्रॅक्टिकलचं जर्नलही त्याने पुरं केलं, प्रत्येक पानावर तारीख, खाली स्वच्छ ग्राफ. फक्त सर्टिफिकेटच्या पानावर सही नव्हती, कारण सही करायची कुणी आणि कोणत्या रोल नंबरवर? सत्र परीक्षेचा पेपर मॅडमनी नंतर त्याच्याकडून सोडवून घेतला, तपासला, उत्तम गुण दिले. ते गुण त्या कागदावरच राहिले.

पुढे तोच मुलगा त्याच कॉलेजात एफवायला आला. तोच विषय, त्याच मॅडम. येणाऱ्या गोष्टी पुन्हा ऐकायला तो बसेना, लायब्ररीत पुढचं वाचत राहिला. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं. वडिलांना बोलावून घेतलं. ड्युटी बदलून, खाकी गणवेशातच ते ऑफिसबाहेर उभे होते. मुलगा काय चुकला हे त्यांना कुणी सांगू शकलं नाही. मला आजही याचा राग येतो.

आणि हा काही एकटा मुलगा नाही. अकरावी-बारावीला बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घेतलेली मुलं दोन वर्षं, दोनशे गुणांचा विषय करतात आणि एफवायला पुन्हा पहिल्या प्रोग्रॅमपासून सुरुवात करतात. शिकलेलं मोजायचंच नाही, ही कसली पद्धत?

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. मग नियोजनाचं भरभर सांगतो.

कागदावर वाट मोकळी आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० चं, मुलांनी मिळवलेली क्रेडिटं जमा ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेचे नियम २०२१ चे, राष्ट्रीय क्रेडिट आराखडा २०२३ चा. तीस तासांचं शिकणं म्हणजे एक क्रेडिट, वर्षाला चाळीस. त्या आराखड्यात बारावीचा स्तर चार, पदवीच्या पहिल्या वर्षाचा साडेचार. तेव्हा बारावीचाच धडा नवं नाव देऊन खपवायचा नाही. पेपर एफवायचाच असला पाहिजे, तपासणीही तितकीच कडक.

दुसरं, आधी लेखी घ्या. हे क्रेडिट कोणत्या पदवीत, कोणत्या विषयाच्या जागी धरणार? क्रेडिट बँकेच्या खात्यात ते जास्तीत जास्त सात वर्षं राहतं, पण धरणारंच कुणी नसेल तर खात्यात असून उपयोग काय?

तिसरं, शिक्षक. ज्युनिअरचे शालेय शिक्षण विभागाकडे, पदवीचे उच्च शिक्षणाकडे. कार्यभार कुणाच्या खात्यात लिहायचा हे ठरलं नाही, तर त्या मॅडमसारखी माणसं फुकट राबतील आणि योजना वर्षात बंद पडेल.

वेळापत्रक. अकरावीचे प्रवेश लांबतात, बारावीचं लक्ष फेब्रुवारीच्या परीक्षेवर. म्हणून अकरावीचं दुसरं सत्र, एकच विषय. जमलं नाही तर मुलाला मध्येच सोडता आलं पाहिजे, गुणपत्रिकेवर डाग न लागता. अमेरिकेत हे गुण कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातात आणि सोळा वर्षांच्या मुलाचं नापास होणं पुढे त्याला आडवं येतं.

आणि क्लासवाले! नाव कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, हा इंटिग्रेटेडचा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. दुहेरी क्रेडिट त्यांच्या हाती गेलं की पॅकेज होऊन विकलं जाईल. कॉलेजच्या वर्गात आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हजेरी, ही अट पहिल्या दिवसापासून हवी. वेगळी फी नको. महापालिकेच्या शाळेतून आलेल्या मुलीला फीच्या एका ओळीमुळे मागे फिरावं लागता कामा नये.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. इथे चार-पाच कॉलेजांचे प्राध्यापक बसलेले दिसतात. येत्या दुसऱ्या सत्रात एक विषय, तीस मुलं, इतकंच करून बघू. अभ्यास मंडळाकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. चहाच्या वेळी घेऊन जा, दुरुस्त्या सुचवा, आणि प्राचार्यांची सही मिळाली की मला कळवा.