बोटभर फट

(दृश्य: इंजिनची मागची बाजू. जॅकवर टेकलेला गिअरबॉक्स. दोघांच्या मधे अंगठ्याएवढी फट.)

क्लच बदलून परत चढवलेला गिअरबॉक्स इंजिनला भिडत आलाय. उरलीय ती एवढीशी फट. दोन्ही हातांनी ढकलूनही तो पुढं सरकत नाही. बोल्ट शेजारीच पडलेत आणि लांबीलाही पुरतात. दोन बोल्ट लावावेत, पाना फिरवावा, आपोआप ओढला जाईल, असा मोह इथं हमखास होतो.

पाना खाली ठेवायचा. बोल्ट गिअरबॉक्स धरून ठेवण्यासाठी असतात, ओढून आणण्यासाठी नाहीत. ही फट का राहते ते कळायला आधी तिच्या आत काय काय बसलंय ते बघावं लागेल.

(दृश्य: चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी गाडी. जमिनीवर पुठ्ठा, त्यात टोचलेले बोल्ट.)

गाडी मागच्या चाकांवर चालणारी. इंजिन लांबीत बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या शेपटीला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आडवा असतो, ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढावे लागतात, इंजिन वरून टांगून धरावं लागतं. पण क्लचच्या घरातला हिशोब तोच.

खाली पक्कं, सपाट काँक्रीट. माती नाही, विटा नाहीत. घोड्या लावल्यावर गाडीला जोरात हलवून बघायचं आणि मगच खाली शिरायचं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली, कारण स्टार्टरच्या जाड केबलमध्ये किल्ली बंद असतानाही करंट असतो. उंचीचा अंदाज आधीच घ्यावा: जॅकवर ठेवलेला गिअरबॉक्स बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या पुढच्या घंटेसारख्या घराच्या) घेरासकट गाडीच्या कडेखालून आत गेला पाहिजे. हे बहुतेकांना गाडी उचलून झाल्यावर सुचतं.

पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा आकार काढलाय आणि जिथला बोल्ट तिथंच टोचलाय. बोल्टांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो, आणि जोड मात्र सैलच राहतो.

(दृश्य: फ्लायव्हीलच्या मधलं भोक, अगदी जवळून. ग्रीसनं भरलेलं बोट.)

क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा. त्याच्या टोकाला फ्लायव्हीलची जड चकती, आणि बरोबर मध्यावर हे पायलट बेअरिंग. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचमधून जाणाऱ्या पुढच्या दांड्याचं, टोक यात फिरतं. काही गाड्यांत ते सुयांचं बेअरिंग असतं, काहींत साधं कांस्याचं बुश, काहींत नसतंच. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर हे बदलायचंच. परत इथं हात पोचायचा तर सगळं पुन्हा उतरवावं लागेल.

पण काढायचं कसं? पुढून पकड बसत नाही, मागून वाट नाही. भोकाचा तळ बंद असेल तर ग्रीस कामाला येतं. भोक ग्रीसनं ठासून भरायचं, आत हवा राहू द्यायची नाही. मग बुशच्या आतल्या मापाला नेमका बसणारा गुळगुळीत दांडा घ्यायचा. जुना इनपुट शाफ्ट हाताशी असेल तर त्याहून चांगलं काही नाही. दांड्यावर हातोडीचा ठोका. ग्रीस दबून लहान होत नाही. त्याला पुढं वाट नसते, म्हणून ते बुशच्या पाठीमागं शिरतं आणि बुशला बाहेर रेटतं.

पहिल्या ठोक्यांना काहीच दिसत नाही. पुन्हा ग्रीस, पुन्हा ठोका. आता बघा, कड वर आली. दांडा ढिला असेल तर बुश जागेवर राहतं आणि ग्रीस कडेनं तोंडावर उडतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. बुश निघालं की आतलं ग्रीस शेवटच्या कणापर्यंत पुसून काढायचं.

नवं बेअरिंग बाहेरच्या कडीएवढी पान्याची गोटी (सॉकेट) लावून, सरळ रेषेत, हलक्या ठोक्यांनी बसवायचं. सुयांवर ठोका पडता कामा नये. कांस्याचं सच्छिद्र बुश असेल तर बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवतात. त्याला ग्रीस लावत नाहीत, छिद्रं बुजतात.

(दृश्य: फ्लायव्हीलचा चेहरा. फडक्यानं पुसणारा हात.)

फ्लायव्हीलवर निळसर डाग म्हणजे क्लच घसरून तापलेला. बारीक चिरा नखाला लागत असतील तर फ्लायव्हील मशीनवर घासून आणायचं किंवा बदलायचं. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपत असेल तर सील आत्ताच बदलायचं. फ्लायव्हीलचे बोल्ट कित्येक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. ब्रेक क्लीनरनं पुसल्यावर त्या पृष्ठभागावर पुन्हा बोट लावायचं नाही.

आणि हा पातळ पत्रा. इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्या मधे बसतो. दिसायला बिनकामाचा, म्हणून कोपऱ्यात पडून राहतो. गिअरबॉक्स चढल्यावर त्याची आठवण होते, आणि तेव्हा तो बसवायला मार्ग नसतो.

(दृश्य: नवी क्लच प्लेट इनपुट शाफ्टवर सरकवून पाहिली जाते.)

नवी प्लेट इंजिनला लावण्याआधी सुट्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा. दात जुळले पाहिजेत आणि प्लेट बोटानं सहज मागंपुढं झाली पाहिजे. चुकीच्या मापाची प्लेट इथंच पकडली जाते. नाही पकडली तर गाडीखाली झोपून तासभर कोडं सोडवत बसावं लागतं. दातांवर क्लचचं ग्रीस फक्त चमक येईल एवढं. सरकवताना पुढं जमलेलं पुसून टाकायचं. जास्तीचं ग्रीस फिरताना प्लेटच्या लायनिंगवर उडतं, आणि मग गाडी सोडताना क्लच थरथरतो.

प्लेटला दोन बाजू असतात. बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते. मधल्या स्प्रिंगांचा फुगीर भाग सहसा गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसली तर तो फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतो आणि क्लच सुटत नाही.

आता हे प्लास्टिकचं दांडकं. क्लचच्या कीटमध्ये फुकट येतं आणि बऱ्याचदा खोक्याबरोबर कचऱ्यात जातं. याचं टोक पायलट बेअरिंगमध्ये आणि अंग प्लेटच्या दातांत बसतं, म्हणजे प्लेट बरोबर मध्यावर राहते. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट. तिचे बोल्ट पक्के होईपर्यंत दांडकं काढायचं नाही. बोल्ट समोरासमोरचे, एका वेळी अर्धा फेरा. एकाच बाजूनं आवळत गेलं तर प्रेशर प्लेटचं कव्हर तिरकं होतं. आठ मिलिमीटरच्या बोल्टांना बहुधा २० ते ३० न्यूटन मीटर लागतात. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचा. बोल्ट आवळून झाल्यावर दांडकं बाहेर काढून परत घाला. अडखळलं, तर शाफ्टही अडखळणार.

पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटून क्लच सोडवतं ते रिलीज बेअरिंग. तेही नवं. ते पेट्रोलमध्ये धुवायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं. त्याला ढकलणारा फोर्क आपल्या टेकूच्या गोळ्यावर क्लिपसह बसलाय का, हे हलवून बघायचं. ही शेवटची संधी.

(दृश्य: गिअरबॉक्स जॅकवर, हळूहळू वर येतोय. माणसाचे दोन्ही हात बेल हाउसिंगवर.)

गाडीचा गिअरबॉक्स साधारण ३० ते ५० किलोंचा. छातीवर घेऊन चढवणारे असतात. तसं करू नये. जॅकवर पट्ट्यानं बांधून घ्यावा. इंजिनखालीही लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक हवा, कारण मागचा आधार गेल्यावर इंजिन मागं कलतं.

गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाकलाय. मागचा शाफ्ट हातानं फिरवला की पुढचा इनपुट शाफ्ट फिरतो. शाफ्ट प्लेटपर्यंत जातो आणि थांबतो: दातावर दात आलाय. मागचा शाफ्ट किंचित फिरवायचा, त्याच वेळी हलकेच पुढं रेटायचं. दात खाचेत पडला, गिअरबॉक्स चार बोटं आत सरकला.

आणि ही आपली फट.

शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगच्या तोंडाशी आलंय आणि कोन जुळत नाहीये. टॉर्चनं फट चारही बाजूंनी बघा. वर जास्त आणि खाली कमी, म्हणजे गिअरबॉक्सची शेपटी खाली लोंबतेय, उचला. खाली जास्त, म्हणजे इंजिन मागं झुकलंय. इंजिनखालचा जॅक थोडा वर घ्या. फट सगळीकडे सारखी असूनही अडत असेल तर प्लेट मध्यावर नाही, किंवा एखादी वायर, अर्थिंगची पट्टी मधे चेपलीय. इंजिनच्या ब्लॉकवरच्या दोन डॉवेल, म्हणजे गिअरबॉक्स नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या, बघा. त्या वाकलेल्या नाहीत, गंजलेल्या नाहीत, आणि मुळात आहेत ना? डॉवेल नसेल तर गिअरबॉक्स किंचित बाजूला बसतो आणि पायलट बेअरिंग लवकर जातं.

गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लोंबकळत ठेवायचं नाही. प्लेटचा मधला भाग वाकतो. जॅकवरची पकड ढिली न करता शेपटी डावीकडे-उजवीकडे हलवायची. हलवा, रेटा, थांबा.

(दृश्य: फट मिटते. आवाज तसाच ठेवावा, निवेदन नाही.)

बोल्टांनी ओढला असता तर ॲल्युमिनियमच्या बेल हाउसिंगचा कान तुटला असता किंवा पायलट बेअरिंग चेपलं असतं. आता सगळे बोल्ट आधी बोटांनी. बोटांनी आत जात नसलेला बोल्ट चुकीच्या भोकात आहे. मग टॉर्क रेंच, समोरासमोर.

पुढचं काम सोपं आहे. क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून पेलणारी आडवी पट्टी) आणि माउंट (त्यावरचा आधार) लागल्यावरच जॅक काढायचा. स्टार्टर, रिव्हर्स लाइटची वायर, अर्थिंग. मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट उतरवताना केलेल्या खुणा जुळवूनच लावायचा, नाहीतर वेगात गाडी थरथरते. ऑइल भरण्याचं झाकण आधी उघडून बघायचं, मगच खालचं, ऑइल सोडण्याचं. वरचं अडकलं तर रिकामा गिअरबॉक्स हातात राहतो. ऑइल भोकातून ओघळेपर्यंत, गाडी समतल असताना. बहुतेक गिअरबॉक्सना दीड ते अडीच लिटर लागतं. गिअर ऑइलच्या प्रती असतात: जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ टाकायचं नाही. त्यातली काही रसायनं गिअर सहज पडावेत म्हणून असलेल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. क्लचच्या लाइनमधली हवा काढायची.

घोड्यांवरच इंजिन चालू करून सगळे गिअर टाकून बघायचे. रिव्हर्स करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये; बहुधा लाइनमध्ये हवा राहिलीय. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. पहिले काही शे किलोमीटर क्लचला जपायचं, एवढंच.

(दृश्य: सकाळ. गाडी चाकांवर. तिच्याखाली बोल्टांची भोकं पडलेला तोच पुठ्ठा.)

रात्रभर ठेवला होता. कोरडा आहे.