हळद तीच, पुडी तुमच्या नावाची

(दृश्य: वायगाव परिसर, वर्धा जिल्हा. पारावर मोबाईल घेऊन बसलेली चार पोरं.)

"अबे, हे स्किन कवा घेतलं तू?"
"कालच. मस्त दिसून रायलं ना?"

निवेदन:
समुद्रपूर तालुक्यातला हा हळदीचा पट्टा. पारावरच्या या पोरांचा खेळ अजून सुरू व्हायचाय. आधी टोपी बदलायची, मग जॅकेट, मग बंदुकीवरची नक्षी. या सजावटीलाच पोरं स्किन म्हणतात. बीजीएमआय या मोबाईलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये महागडा पोशाख घातला म्हणून गोळी जोरात लागत नाही. तरी लोक त्यावर पैसे खर्च करतात. ते पात्र आपलं वाटतं, आणि सोबतच्या सगळ्यांना ते दिसतं.

गेम बनवणाऱ्यांनाही हे एका दिवसात उमगलं नाही. 2006 मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा खेळाडूंनी त्याची भरपूर टिंगल केली. 2009 मध्ये 'टीम फोर्ट्रेस 2' मध्ये टोप्या आल्या, आणि 2011 मध्ये तो गेमच फुकट झाला. कमाई सजावटीच्या वस्तूंवर सुरू झाली. 'फोर्टनाइट' याच वाटेने मोठा झाला.

आपल्याकडचं उदाहरण तर या पोरांना तोंडपाठ आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी मोबाईलवर बंदी आली. 2021 मध्ये त्याचीच भारतातली आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला, तेव्हा कंपनीने जुन्या खात्यातले पोशाख आणि स्किन नव्या खात्यात आणायची सोय दिली. खेळाडूने हौसेनं जमवलेलं पुसून टाकलं तर तो परत येणार नाही, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

(दृश्य: बचत गटाची खोली. वजनकाटा, पुड्या, हळदीनं पिवळे झालेले हात.)

आता या खोलीत या. वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे वायगावचं नाव फक्त इथल्याच हळदीला लावता येतं. तिच्यातलं कुरकुमिनचं, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचं, प्रमाण चांगलं, रंग गडद. शिजवणं, वाळवणं, पॉलिश, दळण, सगळी मेहनत घेतलेला माल. आणि त्याची जाहिरात? रोज सकाळी पुडीचा एकच फोटो, सतरा ग्रुपवर.

"भाऊ, आमी रोज टाकतो. कोनी पाहतच नाही," गटातल्या ताई सांगतात.

पाहणार तरी कोण? त्या फोटोत गिऱ्हाइकाला स्वतःचं काहीच सापडत नाही. नागपूरच्या फ्लॅटमधली सून, हिंगणघाटचा खानावळवाला आणि पोरीचं लग्न काढलेली आई, तिघांनाही तोच फोटो जातो. ऑनलाइन विक्री म्हटलं की आपण मोठ्यानं ओरडायला शिकलो. समोरच्याला काय हवं ते विचारायला शिकलो नाही, आणि मला वाटतं सगळं घोडं इथेच पेंड खातं.

म्हणून गटानं फोटो थांबवून एक प्रश्न पाठवला: तुमच्या घरी हळद कायले लागते?

(दृश्य: मोबाईलचा पडदा जवळून. एकामागून एक येणारी उत्तरं.)

रोजच्या भाजीला. लोणच्याला. रात्री दुधात टाकायला. देवाला. एकीनं लिहिलं, मला अख्खी हळकुंडंच द्या, दळण मी माझं करीन. लग्नघरानं विचारलं, नवरीच्या हळदीसाठी वेगळी बांधून मिळेल का?

व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग आहे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावायची सोय आहे. ताईंनी 'पूर्ण', 'बाकी' एवढ्यावर भागवलं नाही. 'लोणचं', 'हळकुंड', 'लग्नघर' अशी लेबलं केली. आता लोणच्याच्या दिवसांत निरोप जातो तो फक्त लोणचंवाल्यांना. मागच्या वेळी अर्धा किलो नेलं होतं, तेवढंच पाठवू का, असं विचारलेलं बाईला आवडतं. तिची आठवण कुणीतरी ठेवली असते.

पर्याय मात्र मोजकेच ठेवलेत. हळकुंड की पूड, वजन किती, आणि पुडीवर नाव कुणाचं. याहून जास्त विचारलं तर गिऱ्हाईक फोन ठेवून देईल.

काही गोष्टी कुणाच्याच आवडीवर सोडलेल्या नाहीत. आतली हळद सगळ्यांना एकाच प्रतीची. फ्री फायर या दुसऱ्या गेममध्ये काही बंदुकींच्या स्किनमुळे बंदुकीची ताकदच बदलते. मग पैसेवाल्याचं पारडं जड होतं आणि बाकीच्यांचा खेळावरचा विश्वास जातो. हळदीत ते चालणार नाही. अन्नसुरक्षेचा (एफएसएसएआय) नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख पुडीवर असलीच पाहिजे. दुसरीकडची हळद वायगावच्या नावानं विकता येत नाही.

गेमवाल्यांची एक गोष्ट तर अजिबात उचलायची नाही. अमेरिकेत 2022 मध्ये फोर्टनाइटच्या कंपनीला ग्राहकांचे पैसे परत करण्यासाठी 24.5 कोटी डॉलर भरायचं मान्य करावं लागलं. बटणांची मांडणी अशी की चुकून बोट लागलं तरी खरेदी होऊन जाते, असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता. गावातला धंदा तोंडओळखीवर चालतो. न मागितलेली पुडी एकदा कुणाच्या पिशवीत घातली, की ते घर तुटलं.

(दृश्य: छोट्या पुड्यांवर चिकटवली जाणारी नावाची लेबलं.)

या मोजक्या पर्यायांत सगळ्यात जास्त चालला तो नावाचा, तोही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. पन्नास ग्रॅमची पुडी वाण म्हणून द्यायची, वर यजमानीण बाईंचं नाव. प्रत्येक पुडी वेगळ्या घरी जाते, तिथली बाई मागच्या बाजूचा गटाचा नंबर पाहते आणि विचारते, माझ्या नावाची करून द्याल का? स्किन चारचौघांत दिसते म्हणून विकली जाते. वाणाच्या पुडीचंही तसंच आहे, आणि जाहिरातीचा एक रुपया न घालता.

"नावं डिसेंबरातच सांगजो बाई," ताई फोनवर सांगताहेत. "लेबलं तालुक्याले छापाले टाका लागते. आन् नाव नीट लिहून पाठवजो, वेलांटीसकट."