तडा गेलेली फळी आणि जॉर्ज नाकाशिमा

ही फळी नीट बघा. अक्रोडाच्या लाकडाची आहे, झाडाची मूळची वेडीवाकडी कड तशीच ठेवलीये आणि मधून चांगला लांब तडा गेलाय. एरवी असा भाग सरळ कापून टाकतात. लाकडाचं फर्निचर घडवणाऱ्या जॉर्ज नाकाशिमांनी तो ठेवला, आणि तड्यावर आडवा, फुलपाखराच्या आकाराचा लाकडाचा तुकडा बसवला, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये निमुळता. त्याच मापाची खाच पटाशीने कोरायची, तुकडा घट्ट ठोकून बसवायचा, की तडा पुढे पळत नाही. लपवालपवी काही नाहीच, उलट नजर आधी तिथंच जाते.

१९०५ साली अमेरिकेत स्पोकेनला जन्म, आईवडील जपानी. कॉलेजात आधी फॉरेस्ट्री, मग आर्किटेक्चर. पुढे टोकियोत आर्किटेक्ट अँटोनिन रेमंड यांच्या ऑफिसात नोकरी लागली आणि त्याच ऑफिसच्या कामासाठी ते पाँडिचेरीला आले, अरविंद आश्रमाची गोलकोंड इमारत बांधायला, आणि तिथं इतके रमले की आश्रमातलेच झाले, सुंदरानंद हे नावही मिळालं.

मग युद्ध आलं. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांमध्ये डांबलं. नाकाशिमा, त्यांची बायको आणि तान्ही मुलगी मीरा, तिघंही आयडाहोच्या मिनिडोका छावणीत. गुन्हा काय, तर वंश. पण तिथंच त्यांना गेंतारो हिकोगावा भेटले, जपानी पद्धतीत तयार झालेले सुतार. डिग्री घेतलेला हा आर्किटेक्ट त्यांच्या हाताखाली बसून जपानी हत्यारं चालवायला आणि लाकडाचे जोड करायला शिकला, तेही बांधकामातून उरलेल्या फळ्या आणि वाळवंटातली खुरटी झुडपं यांच्यावर. मिळेल त्या लाकडात काय आहे ते शोधायची सवय इथंच पक्की झाली असणार असं मला वाटतं.

१९४३ मध्ये रेमंड यांच्या मदतीने सुटका झाली आणि पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपला त्यांनी वर्कशॉप उभं केलं. ओंडका कापताना ते स्वतः करवतीपाशी उभे राहायचे, कारण पाती कुठल्या कोनातून गेली यावर आतल्या रेषा कशा उमटणार ते ठरतं आणि एकदा चुकलं की दोनशे-तीनशे वर्षांचं झाड वाया. मग एका ओंडक्याच्या फळ्या क्रमाने रचून सुकायला ठेवायच्या, घाई अजिबात नाही, ओलं लाकूड टेबल झाल्यावर वाकतं आणि फाटतं. कित्येक फळ्या वर्षानुवर्षं तशाच पडून असायच्या, त्या फळीला शोभेल असं काम येईपर्यंत.

म्हातारपणी त्यांना जगातल्या प्रत्येक खंडात शांततेसाठी एक भलंमोठं टेबल ठेवायचं होतं. पहिलं १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये ठेवलं, एकाच अक्रोडाच्या दोन फळ्या शेजारी जोडून, मध्ये तीच फुलपाखरं. १९९० ला ते गेले. वर्कशॉप मीराताईंनी पुढे चालवलं, टेबलांचं कामही सोडलं नाही, आणि १९९६ मध्ये एक टेबल ऑरोव्हिलला पोचलं, पाँडिचेरीच्या अगदी जवळ.