दगडाच्या मागे उजेड

हा अकीकचा दगड बघा, ह्याचे आणि ह्याच्या पेंडंटचे फोटो कसे काढतो ते दाखवतो. लाईट वरून टाकलाय म्हणून नुसता तपकिरी, मेणासारखा दिसतोय. आता वरचा लाईट बंद, आणि दगडाच्या मागे एक छोटा एलईडी… बघा! हे सगळे पट्टे मगाशीपण होतेच.

अकीक म्हणजे क्वार्ट्झच, फक्त स्फटिक इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, मग त्या पोकळ्यांत सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचा बनतो तो पदार्थ, विरघळलेलं पाणी झिरपत राहतं आणि भिंतीपासून आत थरावर थर बसत जातो, तेच हे पट्टे. मधे जे चमचमतंय ना, ते आत उरलेल्या जागेत वाढलेले मोठे स्फटिक. आणि हा पातळ काप, ह्यात थर इतके बारीक आहेत की उजेड त्यातून जाताना फुटतो आणि इंद्रधनुष्य दिसतं, हे एडिटिंग नाही, कॅमेऱ्यातून आलंय तसंच दाखवतोय.

आता पेंडंट. मागून उजेड दिला की दगड पेटतो पण चांदीचं कोंदण काळं पडतं, म्हणून पुढून हा पांढरा कागद, तोच उजेड परत चांदीवर येतो. लेन्ससमोरचा पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, फिरवला की दगडावरची चकाकी जाते, चांदीवरची मात्र तेवढी जात नाही, तिथे उजेड मऊ करायला लाईटसमोर ट्रेसिंग पेपरच लागतो. इतक्या जवळून फोकस जेमतेम मिलीमीटरभर मिळतो, त्यामुळे ट्रायपॉडवर, फोकस जरा जरा सरकवत हे वीस फोटो काढले आणि मग एकत्र जोडले.

कोंदणाच्या कडेला कानशीचे बारीक ओरखडे दिसतायत? ते पुसले नाहीत, पुसायचेही नाहीत, ते हातकामाचे आहेत. धूळ मात्र फोटोआधीच ब्लोअरनं उडवायची.

रंगासाठी पहिल्या फोटोत ग्रे कार्ड ठेवलंय, म्हणजे रंग जुळवायचं करड्या रंगाचं कार्ड, आणि सॅच्युरेशनला, म्हणजे रंगाच्या गडदपणाला, हात लावलेला नाही. हा गडद गुलाबी अकीक रंगवलेला आहे, तसं फोटोखाली लिहायचं. फोटोत एक रंग आणि हातात दुसरा आला तर वस्तू परत येते आणि बोल कारागिराला लागतो.

हा शेवटचा शॉट खिडकीपाशी, पेंडंट तळहातावर ठेवून. साईज असा लगेच कळतो.